साक्ष देणारे शहर : सॅक्रामेंटो

आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी नोकरीनिमित्त अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात राहते. गेल्या हिवाळ्यात तिचा दूरध्वनी आला. “सर, दोन दिवस सुट्टी आहे. राजधानी सॅक्रामेंटो पाहून यावे म्हणते. काय काय पाहू?” मी ते शहर प्रत्यक्ष पाहिलेले नाही, परंतु इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने त्याविषयी पुष्कळ वाचले आहे. तिला जे थोडक्यात सांगितले, तेच स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थिमित्रांसाठी येथे मांडीत आहे.

दहावीच्या पाठ्यपुस्तकात आपण ‘उपयोजित इतिहास’ शिकतो. वास्तू, वस्तुसंग्रहालये, स्मारके ही इतिहासाची साधने आहेत, असे तेथे वाचतो. साधन म्हणजे एक प्रकारचा साक्षीदारच होय. आणि साक्षीदार आपण होऊन सगळे सांगत नाही. ही वास्तू कोणाच्या श्रमाने उभी राहिली व तिच्यावर नाव कोणाचे कोरले गेले, हे त्याला विचारावे लागते. सॅक्रामेंटो या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

सटरचा किल्ला

सॅक्रामेंटो व अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमावर हे शहर वसले आहे. निसेनान, मिवोक इत्यादी आदिवासी समूहांची ही मूळ भूमी. १८३९ मध्ये जॉन सटर हा स्वित्झर्लंडहून आलेला मनुष्य येथे पोहोचला. कॅलिफोर्निया त्या वेळी मेक्सिकोच्या ताब्यात होता. मेक्सिकन सरकारकडून सटरने विस्तीर्ण जमीन मिळविली आणि कच्च्या विटांचा किल्ला बांधला. त्याची मधली इमारत मूळची असून उरलेला भाग १८९० च्या दशकात पुन्हा उभारण्यात आला आहे.

या विटा थापल्या आणि शेते पिकविली ती आदिवासींनी. त्यांना लाकडी डोणीत ओतलेले अन्न हाताने खावे लागे, ही गोष्ट त्या काळी तेथे आलेल्या प्रवाशांनीच नोंदवून ठेवली आहे. ‘शहराचा संस्थापक’ ही बिरुदावली ऐकताना ती डोण विसरू नये.

नदीकाठची जुनी पेठ

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात सोने सापडले. जगभरातून माणसे लोटली आणि नदीकाठी बाजारपेठ उभी राहिली. तीच आजची ‘ओल्ड सॅक्रामेंटो’. १८६१-६२ च्या महापुरात शहर एवढे बुडाले की, नवे राज्यपाल लेलँड स्टॅनफर्ड शपथविधीला होडीतून गेले. त्यानंतर रस्ते कित्येक फूट भर घालून उंच करण्यात आले. जुने तळमजले जमिनीखाली गेले. ते आज पर्यटकांना दाखविले जातात.

या पेठेतील हेस्टिंग्ज इमारत अवश्य पाहावी. घोडेस्वारांकरवी टपाल नेणाऱ्या ‘पोनी एक्स्प्रेस’ सेवेचे पश्चिमेकडील ठाणे येथे होते. याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर काही वर्षे राज्याचे सर्वोच्च न्यायालय भरत असे. त्या काळच्या न्यायाचे स्वरूप आता पाहू.

कॅलिफोर्निया १८५० मध्ये गुलामगिरी नाकारणारे राज्य म्हणून संघात आले. मात्र त्याच वर्षीच्या कायद्याने कृष्णवर्णीय व आदिवासी यांची साक्ष गोऱ्यांसंबंधीच्या खटल्यात अग्राह्य ठरविली. १८५४ मध्ये लिंग सिंग या चिनी मनुष्याच्या खुनाबद्दल जॉर्ज हॉल या गोऱ्याला झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कारण एवढेच की, साक्षीदार चिनी होते आणि तो नियम चिन्यांनाही लागू होतो असे न्यायालयाने ठरविले. न्यायासनापुढे शब्दाला किंमत नसणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

सातव्या रस्त्यावरील स्मृतिफलक

पर्यटक सहसा जेथे थांबत नाहीत, असे एक ठिकाण मी तिला मुद्दाम सांगितले. सेंट अँड्र्यूज चर्च हे कृष्णवर्णीयांनी १८५० मध्ये स्थापन केलेले चर्च. सातव्या रस्त्यावर त्याची मूळ वास्तू आता नाही, स्मृतिफलक आहे. नोव्हेंबर १८५५ मध्ये कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय नागरिकांची पहिली परिषद या चर्चमध्ये भरली. साक्ष देण्याचा हक्क ही तिची प्रमुख मागणी होती. परिषदा घेत, सह्यांचे अर्ज करीत त्यांनी हा लढा चालविला आणि १८६३ मध्ये तो हक्क मिळविला. चिनी लोकांना मात्र त्यानंतरही जवळजवळ एक दशक वाट पाहावी लागली.

१८५८ मध्ये आर्ची ली या तरुणाला त्याचा तथाकथित मालक मिसिसिपीला परत नेऊ पाहत होता. कायद्याने तो स्वतंत्र ठरतो असे म्हणूनही सर्वोच्च न्यायालयाने, मालक तरुण व आजारी आहे या सबबीवर, आर्चीला त्याच्याच हवाली केले! कृष्णवर्णीय समाजाने वर्गणी गोळा करून लढा चालू ठेवला आणि अखेर आर्ची मुक्त झाला.

लोहमार्ग आणि कलादालन

अमेरिका खंड ओलांडणाऱ्या लोहमार्गाच्या पश्चिमेकडील भागाचे काम ८ जानेवारी १८६३ रोजी सॅक्रामेंटो येथे सुरू झाले. स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स व चार्ल्स क्रॉकर या चार व्यापाऱ्यांची नावे त्याच्याशी जोडली जातात. सिएरा नेवाडा पर्वताचा कठीण खडक फोडला तो प्रामुख्याने चिनी मजुरांनी. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर होती. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांइतकी मजुरी व कमी तास यांसाठी संप पुकारला. कंपनीने त्यांची अन्नाची रसद तोडून तो आठवडाभरात मोडला. १० मे १८६९ रोजी लोहमार्ग जुळला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात प्रवेशबंदी करणारा कायदा झाला.

येथील रेल्वे संग्रहालयात लोहमार्ग जुळल्याच्या समारंभासाठी घडविलेल्या सोन्याच्या खिळ्याचा जुळा खिळा ठेवला आहे. चिनी मजुरांची कहाणीही आता तेथे सांगितली जाते. तथापि कंपनीच्या पगारपत्रकांत बहुतेक मजुरांची स्वतंत्र नावे नाहीत, टोळीप्रमुखाचे तेवढे आहे. त्यांच्यापैकी एकाचेही पत्र किंवा रोजनिशी संशोधकांना सापडलेली नाही.

जवळच क्रॉकर कलादालन आहे. चार्ल्सचे बंधू एडविन क्रॉकर यांचा हा संग्रह त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी १८८५ मध्ये शहराला अर्पण केला. एडविन हे लोहमार्ग कंपनीचे वकील होते. मजुरांच्या घामाचा पैसा या चित्रांत आहे. परंतु हेच एडविन गुलामगिरीचे विरोधक होते आणि आर्ची लीचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते. इतिहासातील माणसे अशी एका रंगात रंगविता येत नाहीत, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

विहार आणि विधानभवन

१८९९ मध्ये जपानी स्थलांतरितांनी येथे बौद्ध विहार स्थापन केला. त्याचे आजचे नाव ‘बुद्धिस्ट चर्च ऑफ सॅक्रामेंटो’. १९४२ मध्ये युद्धकाळात, केवळ वंशाने जपानी म्हणून, देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. सॅक्रामेंटोचे बौद्ध उपासकही त्यातून सुटले नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून क्षमा मागितली व भरपाई दिली. विहार आजही उभा आहे.

शेवटी विधानभवन. १८६० मध्ये आरंभ होऊन १८७४ मध्ये पूर्ण झालेली ही घुमटाची वास्तू शहराची ओळख आहे. तिच्या उद्यानातील हुनिपेरो सेरा या स्पॅनिश मिशनऱ्याचा पुतळा ४ जुलै २०२० रोजी आंदोलकांनी पाडला. २०२३ मध्ये त्या जागी आदिवासींचे स्मारक उभे राहिले. ज्यांच्या भूमीवर शहर वसले, त्यांना राजधानीच्या अंगणात उभे राहण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

परत आल्यावर त्या विद्यार्थिनीने पुन्हा दूरध्वनी केला. “सर, एवढ्या हजारो मजुरांपैकी एकाचेही पत्र नाही, ही गोष्ट मनातून जात नाही. मी आजीला रोज फोन करते आहे. ती सांगते, मी लिहून घेते.” तिची आजी बांधकामावर गवंड्यांच्या हाताखाली राबलेली बाई आहे. शाळेत जाण्याची संधी तिला मिळाली नाही.

विद्यार्थिमित्रहो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही सोबत न्या. आजी-आजोबांनी कोणते रस्ते, कोणती धरणे, कोणत्या इमारती बांधल्या ते विचारा. गावाचे नाव, साल, मिळालेली मजुरी आणि सोबत काम करणाऱ्यांची नावे नीट लिहून आणा. इतिहासाच्या तासाला आपण त्या वह्या एकत्र वाचू.

भवतु सब्ब मंगलं!