इंग्रजी वाक्यशुद्धीचा सराव

रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या पट्ट्यातील गाव. येथील मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणांना बँकांच्या लिपिकपदाच्या सामाईक पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. त्यामुळे वाक्यातील दोष अंदाजाने नव्हे, तर कारणासह ओळखता आला पाहिजे.

'द क्वालिटी ऑफ बनानाज आर गुड' हे वाक्य पाहावे. 'बनानाज' हे अनेकवचन क्रियापदालगत असल्याने 'आर' योग्य वाटते. परंतु 'केळ्यांचा दर्जा चांगले आहेत' असे मराठीत कोणी म्हणणार नाही. कर्ता 'क्वालिटी' असल्याने 'इज' हवे. येथे मातृभाषाच मदतीस येते.

काही ठिकाणी मात्र ती चकविते. 'दोन वर्षांपासून' व '२०२० पासून' या दोहोंस मराठीत 'पासून' पुरते. इंग्रजीत कालावधीसाठी 'फॉर' आणि आरंभाच्या वेळेसाठी 'सिन्स' लागते. 'विषयावर चर्चा करणे' या सवयीने 'डिस्कस' या क्रियापदापुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' येते; ते अनावश्यक होय.

शिक्षकांनी दररोज पाच वाक्ये द्यावीत. विद्यार्थ्याने प्रथम कर्ता व क्रियापद, नंतर काळ, शेवटी संबंधदर्शक शब्द तपासावेत आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिचे कारण मराठीत लिहावे. परिसरातील ग्रामपंचायतींनी या सरावासाठी वाचनालयात सायंकाळी जागा द्यावी. पाठ केलेले उत्तर एकाच प्रश्नास पुरते. समजलेले कारण पुढील प्रश्नासही उपयोगी पडते.