फुलणारा अ‍ॅश

प्रश्न : लेकीने जर्मनीत घर घेतलंय. अंगणासाठी तिने ‘ब्लूमेनएशे’ नावाचं रोप पसंत केलं आहे. शेजारीण म्हणते, अ‍ॅशची झाडं रोगाने मरताहेत, लावू नका. काय करावं? आणि त्याचं बी नाशिकला रुजेल का?

उत्तर : लावू द्या, अगदी निर्धास्तपणे. बुरशीने युरोपभर मरतोय तो प्रामुख्याने तिकडचा साधा अ‍ॅश. ब्लूमेनएशे म्हणजे फ्रॅक्सिनस ऑर्नस, दक्षिण युरोपातला. त्या बुरशीचा याला फारसा त्रास होत नाही. दोघांतला फरक ओळखायचा तर हिवाळ्यात फांदीवरचे डोळे बघा : साध्या अ‍ॅशचे काळेकुट्ट, याचे राखाडी, मखमली.

मात्र रोप घेताना एक विचारायला सांगा : बियांपासून केलेलं आहे की कलम? कलम बहुधा साध्या, म्हणजे रोग लागणाऱ्याच अ‍ॅशच्या खुंटावर बांधतात. मी तर बियांचंच घेईन. कलम असलंच, तर बुंध्याशी येणारे फुटवे वेळच्या वेळी काढायचे, नाहीतर खुंटच वाढत बसतो.

जागा भरपूर उन्हाची हवी. चुनखडीची जमीन चालते, पाणी साचलेलं मात्र खपत नाही. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोचेल असं पाणी द्यावं. पुढे ते कोरडा उन्हाळा स्वतःच काढतं. उंची पंधरा मीटरच्या पुढेही जाते, तेव्हा भिंतीला खेटून नको.

साध्या अ‍ॅशचं परागीकरण वाऱ्यावर होतं, त्यामुळे त्याच्या फुलांना पाकळ्याच नसतात. हा कीटकांना बोलावतो, म्हणून मे महिन्यात मलईच्या रंगाचे सुगंधी तुरे झाडभर येतात. आपला मोगरा आणि पारिजातक याच्याच कुळातले, हे कळल्यावर तो वास तुम्हाला परका वाटणार नाही.

सिसिलीत कास्तेलबुओनो आणि पोल्लिना या गावांत शेतकरी आजही ऐन उन्हाळ्यात याच्या सालीवर आडव्या चिरा देतात. पाझरणारा रस उन्हात पांढऱ्या कांड्यांसारखा थिजतो. तोच ‘मॅना’ : गोड, सौम्य रेचक. मेंदूची सूज उतरवायला रुग्णालयात शिरेतून देतात त्या मॅनिटॉलचं नाव यावरूनच पडलं. लेकीने मात्र हौसेखातर साल चिरू नये, कोवळ्या झाडाला ती जखमच.

नाशिकचं म्हणाल, तर नको. या बियांना रुजण्याआधी काही काळ ऊब आणि मग लांबलचक थंडी लागते, आणि परदेशी बी परवान्याशिवाय आणताही येत नाही. तुमच्या अंगणात पारिजातक लावा.