खांदेरीची बत्ती आणि ‘फुकटा लाभार्थी’

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘सार्वजनिक वस्तू’ हे प्रकरण आले की दीपगृहाचे उदाहरण हमखास येते. भाकरी एकाने खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही; परंतु दीपगृहाचा प्रकाश एका जहाजाने पाहिला म्हणून दुसऱ्या जहाजासाठी तो कमी होत नाही. शिवाय दुकानदार पैसे न देणाऱ्याला माल नाकारू शकतो. दीपगृहाला तसे करता येत नाही. ज्याला डोळे आहेत त्याला दिवा दिसणारच. नेमक्या याच ठिकाणी पुस्तकात एक शब्द येतो : ‘फुकटा लाभार्थी’. म्हणजे खर्चात वाटा न उचलता लाभ घेणारा.

माझे वडील थळजवळच्या एका कोळीवाड्यातून मासेमारीला जातात. रात्री परतताना ते खांदेरीची बत्ती पाहून दिशा धरतात. आमच्याकडे दीपगृहाला बत्तीच म्हणतात. या बत्तीसाठी त्यांनी आजवर एक पैसाही दिलेला नाही, कारण तो त्यांच्याकडे कोणी मागितलेलाच नाही. तेव्हा व्याख्येप्रमाणे ते फुकटे लाभार्थी ठरतात. हा शब्द माझ्या मनाला लागला. पण शब्द मनाला लागला एवढ्यावरून तो चूक ठरत नाही. तो तपासून पाहावा लागतो. म्हणून रीतसर परवानगी काढून मी या हिवाळ्यात खांदेरीचे दीपगृह पाहून आलो. जे पाहिले आणि नंतर ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याची येथे मांडणी करीत आहे.

किल्ला : ओळख विचारणारा

थळच्या किनाऱ्यावरून होडीने निघाले की आधी उंदेरी लागते आणि तिच्या पलीकडे खांदेरी. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, बंदराकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवरच हे बेट आहे. ज्याच्या हाती खांदेरी, त्याची मुंबईच्या दारावर नजर, हे छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६७९ साली मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली येथे किल्ल्याचे काम सुरू झाले. मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबविण्यासाठी आपली जहाजे आणून उभी केली. मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून त्या जहाजांना चुकवून बेटावर माणसे आणि सामान पोहोचवीत. मोठ्या जहाजांना त्या पाण्यात शिरता येत नसे. ऑक्टोबर १६७९ मध्ये आरमारी लढाई झाली, आणि शेवटी खांदेरी महाराजांकडेच राहिली. १६८० च्या आरंभी सिद्दीने समोरची उंदेरी बळकावून तिच्यावर तटबंदी उभारली. अशी दोन शेजारची बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली.

पुढे कान्होजी आंग्रे यांच्या काळात या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे लागे. पोर्तुगीजही आपल्या परवान्यासाठी असाच आग्रह धरीत. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. १७१८ साली मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी खांदेरीवर मोहीम काढली; ती फसली.

हा इतिहास थोडक्यात सांगण्याचे कारण असे, की या बेटाचे पहिले काम ओळख विचारण्याचे होते. तुम्ही कोण, कोणाचे, परवाना आहे का? उत्तर पटले तर पुढे जा. आजही तटावर तोफा आहेत. आघात केला की धातूसारखा आवाज देणारी शिळा आहे. कोळी लोक ज्याला नवस बोलतात त्या वेताळदेवाचे ठाणे आहे. आणि या सर्वांच्या वर, बेटाच्या उंच भागावर, १८६७ साली इंग्रजांनी बांधलेला अष्टकोनी मनोरा आहे. १९९८ साली या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरी आहे.

मनोऱ्याच्या सज्जात उभे राहिले की खाली तट आणि तोफा दिसतात, आणि पाठीशी दिव्याची काचेची खोली असते. तोफ ओळख विचारून मग ठरविते. दिवा काहीच विचारीत नाही. एकाच बेटावर या दोन्ही गोष्टी इतक्या जवळ पाहायला मिळतात, हेच मला खांदेरीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटले.

दिवा : मोजून वाचायचा

दीपगृहातला दिवा फार मोठा असेल अशी आपली कल्पना असते. खरे सामर्थ्य दिव्यापेक्षा भिंगात असते. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. वर आकाशात आणि खाली जमिनीवर गेलेला भाग वाया जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल (१७८८–१८२७) यांनी यावर उपाय काढला. एकच जाडजूड भिंग करण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागाची वक्रता तेवढी ठेवून काचेची कडी एकाबाहेर एक रचायची, आणि वर-खाली लोलक बसवून भरकटणारा प्रकाश क्षितिजाच्या दिशेने वळवायचा. असे भिंग १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआं येथील दीपगृहावर प्रथम बसविण्यात आले. त्यानंतर तेलाच्या दिव्याचा उजेडही कित्येक मैल जाऊ लागला.

मनोरा उंच का, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला साधारण ३.६ ने गुणावे. तितके किलोमीटर क्षितिज त्या दिव्याला मिळते. समजा, दिवा ५० मीटर उंचीवर आहे आणि होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून २ मीटरवर आहेत. पहिल्याचे क्षितिज सुमारे २५ किलोमीटर, दुसऱ्याचे सुमारे ५. म्हणजे हवा स्वच्छ असेल आणि दिवा पुरेसा प्रखर असेल, तर ३० किलोमीटरवरून तो दिसू लागेल. टेकडीवर किंवा किल्ल्यावर दीपगृह बांधण्यात निम्मी उंची आयतीच मिळते.

पण नुसता दिवा दिसून भागत नाही. तो कोणता दिवा हे कळले पाहिजे. नाहीतर एका बंदराचा दिवा दुसऱ्याचा समजून जहाज खडकावर जायचे. म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःची खूण दिलेली असते. एखादे दहा सेकंदांत एकदा चमकते, दुसरे दोनदा चमकून मग अंधार ठेवते, तिसरे तीनदा. ही खूण जहाजांच्या नकाशावर आणि दीपगृहांच्या यादीत नोंदलेली असते. दिव्याचे यंत्र किंवा भिंग ठरावीक वेगाने फिरवून ती साधली जाते. विजेच्या मोटारी नव्हत्या तेव्हा वजन वर चढवून ते हळूहळू खाली उतरू देत, आणि त्या घड्याळासारख्या यंत्राने भिंग फिरे. रात्रीतून पुन्हा पुन्हा चावी देण्याचे काम रखवालदाराचे असे.

हे सारे मी पुस्तकातून समजून घेत होतो तेव्हा बाबा शेजारीच जाळे सांधत बसले होते. मी सांगितल्यावर ते म्हणाले, “बत्ती नुसती बघून चालत नाय. मोजाया लागते.” त्यांनी बोटांवर मोजून दाखविले. चमक, चमक, मग काळोख. काळोखात मनातल्या मनात आकडे, मग पुन्हा चमक. ही रीत त्यांना आजोबांनी शिकविली. बाबांना वर्तमानपत्र वाचता येत नाही. पण क्षितिजावरची ही लिपी ते अचूक वाचतात. मला ती अजून शिकायची आहे.

पैसा : कोण देतो, कोण ठरवितो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात दीपगृहाचे उदाहरण घेतले होते. समुद्रावर प्रत्येकाकडून पैसे वसूल करणे शक्य नसल्यामुळे स्वार्थाच्या प्रेरणेने कोणी दीपगृह बांधणार नाही. म्हणून ते शासनाने बांधावे आणि सक्तीच्या कराने खर्च भागवावा, असे त्यांचे म्हणणे. रोनाल्ड कोस यांनी १९७४ च्या एका निबंधात या समजुतीला धक्का दिला. इंग्लंडमधील जुनी कागदपत्रे तपासून त्यांनी दाखविले की तेथे राजाच्या सनदेने खाजगी व्यक्तींनीही दीपगृहे बांधली आणि चालविली. पैसे समुद्रावर नव्हे, तर जहाज बंदरात आल्यावर वसूल केले जात.

आपल्याकडे १९२७ साली दीपगृहांचा कायदा झाला. तो २१ सप्टेंबरला संमत झाला, म्हणून हा दिवस दीपगृह दिन म्हणून पाळतात. त्या कायद्यानेही बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून दीपकर घेण्याची व्यवस्था केली. २०२१ साली त्याच्या जागी सागरी नौवहन साधनांविषयीचा नवा कायदा आला. त्यातही असा आकार घेण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्याला बंदराचा धक्का लागतो तो पैसे देतो. वाळूवर होडी ओढणारा या हिशेबात येतच नाही.

येथे मला पहिला मुद्दा सुचला. ‘फुकटा लाभार्थी’ हा शब्द खरे म्हणजे पैसा गोळा करण्यातल्या अडचणीला दिलेले नाव आहे. तो माणसाच्या वृत्तीवरचा शेरा नव्हे. बाबांनी दिवा पाहिल्याने दिव्याचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. तेव्हा त्यांच्याकडून दाम न घेणे हे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच आहे. हे पुस्तकातही असते. फक्त शब्द असा निवडलेला आहे की वाचणाऱ्याच्या लक्षात शेराच राहतो.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जो पैसे देतो, त्याच्या सोयीने दिव्याची जागा ठरते. खांदेरीचा मनोरा उभा राहिला तेव्हा मुंबईचा व्यापार वाढत होता. पुढे १८७५ साली कुलाब्याच्या दक्षिणेला प्राँग्जचे दीपगृह झाले. ही दीपगृहे मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांची वाट दाखवितात. ते काम मोठे आहेच. आमच्या होड्यांना त्या उजेडाचा लाभ होतो तो जाता जाता. पण आमच्या वाडीसमोर, जेथे होड्या किनाऱ्याला लागतात, तेथे पाण्याखाली खडप आहे. ओहोटीच्या वेळी अंधारात तेच सर्वांत घातक. खांदेरीची बत्ती तुम्हाला खांदेरी कोठे आहे ते सांगते. घरापुढचे खडप कोठे आहे ते सांगत नाही. ‘फुकटा कोण’ असे विचारण्यात आपण एवढे गुंततो, की ‘दिवा कोठे हवा हे कोणाला विचारले’ हा प्रश्न मागे पडतो.

मग त्या खडपाचे काय करतात? आमच्या वाडीने एक खांब रोवून त्यावर दिवा लावला आहे. त्यासाठी प्रत्येक होडीमागे वर्गणी निघते. ज्याचा हंगाम बरा गेला तो थोडी जास्त देतो. ज्याची होडी दुरुस्तीला लागली आहे त्याच्याकडे त्या वर्षी कोणी मागत नाही. वीज गेली तर घरातली माणसे, बहुधा बायका, बॅटरी किंवा कंदील घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहतात. मिल म्हणतात शासनाने करावे. कोस दाखवितात की खाजगी माणसानेही केले. आमच्या खांबावरचा दिवा या दोन्हींत बसत नाही. सामाईक साधने लोक आपापसांतल्या नियमांनी कशी सांभाळतात, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९९० साली निघाला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याविषयी वाचताना मला आमच्या वाडीचा खांब आठवला.

आता होड्यांवर जीपीएस आले आहे. मग दिवा कशाला, असे कोणी विचारील. दीपगृहावरील कर्मचाऱ्यांनाही मी हे विचारले. ते बाबांकडे पाहून हसले आणि म्हणाले, “नाखवा, तुम्हीच सांगा.” बाबा म्हणाले, “साहेब, यंत्रात पाणी शिरतंय, बॅटरी उतरतंय. बत्ती समोर असली का जीव थारावर ऱ्हातो.” एका साधनावर विसंबू नये, हा दर्यावर्दी लोकांचा जुनाच नियम आहे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी दुसऱ्या गावची एक होडी इंजिन बिघडल्यामुळे रात्री आमच्या खांबाचा दिवा धरून किनाऱ्याला लागली. त्या होडीने वर्गणी कधीच दिली नव्हती, आणि पुढेही देणार नव्हती. वाडीतल्या लोकांनी दोर टाकून ती ओढून घेतली, खलाशांना चहा दिला. त्यांना फुकटे म्हणावे असे कोणाच्या मनातही आले नाही. दिवा लावलाच आहे तो कोणीतरी त्याच्या आधाराने यावे म्हणून, एवढीच त्या लोकांची सार्वजनिक वस्तूची व्याख्या आहे. परीक्षेत मी पुस्तकातली व्याख्या लिहीन. पण तिच्याशेजारी ही दुसरीही लिहून पाहण्याचा माझा विचार आहे.