सुट्टीतील घरचा अभ्यास आणि मोबाइल

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. शिकण्यास निवांत जागा मिळावी, हा त्यामागील विचार होता. सुट्टीत आमची मुले घरी येतात, तेव्हा ही जागा पालकांनीच द्यावयाची असते.

बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपमध्ये स्कॅन केल्यास पाठाचे साहित्य विनामूल्य मिळते. देवरी, सालेकसा भागातील पालकांनी नेटवर्क असेल तेथे ते डाउनलोड करून ठेवावे. पुढे इंटरनेटविना पाहता येते.

पाठ संपताच मोबाइल बाजूला ठेवून ‘काय समजले, सांग’ एवढेच विचारावे. त्यासाठी पालकांना अक्षरओळख असण्याची गरज नाही. जे सांगता आले नाही, ते मुलाने वहीत लिहून शाळेत आणावे. तेथून पुढची जबाबदारी आम्हा शिक्षकांची.