शस्त्रकर्माने उतरलेले वजन टिकविताना : थकलेल्या रुग्णाची चिकित्सा

प्रास्ताविक

स्थौल्यावरील शस्त्रकर्म करून घेतलेले रुग्ण आता आपल्याही चिकित्सालयात येऊ लागले आहेत. बहुधा ते शस्त्रकर्मानंतर दीड-दोन वर्षांनी येतात. त्यांच्या तक्रारी दोन असतात. उतरलेले वजन पुन्हा चढू लागले आहे ही पहिली, आणि दिवसभराच्या धावपळीत अंगात त्राण राहत नाही ही दुसरी. पहिल्या तक्रारीकडे वैद्याचे लक्ष तत्काळ जाते व लेखन औषधांची योजना होते. दुसरी तक्रार ‘नोकरी-संसार म्हटले की थकवा यायचाच’ असे म्हणून बाजूला राहते. वस्तुतः या रुग्णात चिकित्सेचा आरंभ दुसऱ्या तक्रारीपासून व्हावयास हवा. थकवा ओळखून दूर केल्यावाचून वजन टिकत नाही, हेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. शस्त्रकर्माने काय बदलते?

सध्या दोन प्रकारची शस्त्रकर्मे विशेष प्रचारात आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये आमाशयाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व नळीसारखा अरुंद भाग शिल्लक ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये आमाशयाच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती पुढील लघ्वंत्राला जोडतात. त्यामुळे अन्न ग्रहणी व लघ्वंत्राचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्ही प्रकारांत केवळ जागा कमी होते असे नाही, तर भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या अंतःस्रावांतही बदल होतो. म्हणूनच पहिल्या वर्षात रुग्णाला भूक फारशी जाणवत नाही.

साधारणतः १२ ते २४ महिन्यांत वजन नीचतम पातळीला पोहोचते. त्यानंतर थोडी वाढ होणे हे अनेक रुग्णांत दिसून येते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले, आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के राहिली. याचा अर्थ असा की दोन-चार किलो वाढले म्हणजे शस्त्रकर्म वाया गेले, असे नव्हे. रुग्णाला हे प्रथम सांगावे. निराश झालेला रुग्ण पथ्य सोडून देतो, आणि मग खरोखरीची वजनवाढ सुरू होते.

२. शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांचे वर्णन एकत्र केले आहे. सुश्रुताचार्यांनीही स्थौल्य व कार्श्य ही दोन्ही रसधातूवरच अवलंबून असल्याचे प्रतिपादन केले आहे. शस्त्रकर्मोत्तर रुग्णात ही दोन टोके एकाच देहात भेटतात. मेदसंचयाची प्रवृत्ती शिल्लक असते; परंतु आहार अल्प, त्याचे शोषण उणे, त्यामुळे रस, रक्त, मांस व अस्थी या धातूंचे पोषण अपुरे होते. बाहेरून स्थूल दिसणारा हा रुग्ण आतून धातुक्षीण असू शकतो.

स्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार इष्ट होय, हे सूत्र येथे विशेष उपयोगी पडते. जे पचावयास वेळ घेते, तृप्ती टिकविते, परंतु मेद वाढवीत नाही असे अन्न या रुग्णाला हवे. याच अध्यायात स्थौल्य-कार्श्याच्या पाठोपाठ निद्रेचा सविस्तर विचार आला आहे, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. देहाचे स्थौल्य व कार्श्य आहाराप्रमाणेच निद्रेवरही अवलंबून असते, असा आचार्यांचा अभिप्राय आहे.

३. थकवा : श्रमजन्य की धातुक्षयजन्य?

उदाहरणादाखल एक दिनचर्या पाहू. डोंबिवलीहून मुंबईतील फोर्ट भागात कचेरीला जाणारी चाळिशीची स्त्री पहाटे साडेपाचला उठते, सर्वांचे डबे करते, स्वतः चहा-बिस्किटांवर गाडी पकडते. दुपारचा डबा कामाच्या गडबडीत दोनला उघडते व दहा मिनिटांत संपविते. सायंकाळी गाडीत उभे राहून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात. दिवसभर पाणी अत्यल्प. रात्री स्वयंपाक करता करता फरसाण, खारी, उरलेली भाजी तोंडात जाते, आणि झोपावयास साडेअकरा होतात. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका, कामगार व वाहनचालक यांची स्थिती याहून बिकट असते.

अशा रुग्णाचा थकवा केवळ श्रमाचा आहे असे गृहीत धरू नये. पुढील कारणांचा शोध क्रमाने घ्यावा.

(अ) लोहाची उणीव व पांडुता. बायपासमध्ये लोहाचे शोषण जेथे प्रामुख्याने होते तो भाग वगळला जातो. मासिक स्राव अधिक असणाऱ्या स्त्रियांत ही उणीव लवकर येते. केवळ हिमोग्लोबिन पाहून न थांबता फेरिटिनही पाहावे.

(आ) जीवनसत्त्व ब-१२ची उणीव. हातापायांना मुंग्या, विस्मरण, जिव्हादाह यांविषयी विचारावे.

(इ) जीवनसत्त्व ड व कॅल्शियमची उणीव. अस्थिशूल, कटिशूल, स्नायुदौर्बल्य ही लक्षणे ‘वाताची’ म्हणून सोडून देऊ नयेत.

(ई) प्रथिनांची उणीव. केस गळणे, मांसक्षय, जिना चढताना मांड्या भरून येणे.

(उ) अवटु ग्रंथीचे विकार, तसेच निद्रेतील श्वासावरोध. घोरणे पुन्हा सुरू झाले आहे का, हे घरच्यांना विचारावे.

(ऊ) गोड खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी घाम, कंप, हृद्द्रव, डोळ्यांपुढे अंधारी. बायपासनंतर रक्तातील साखर अशा रीतीने एकदम खाली येऊ शकते. बरे वाटावे म्हणून रुग्ण पुन्हा गोड खातो व हे चक्र चालू राहते. त्यात थकवाही वाढतो आणि वजनही.

थकलेला मनुष्य शिजविण्याचे, चावण्याचे व चालण्याचे कष्ट टाळतो. आयते, मऊ व गोड पदार्थ त्याला जवळचे वाटतात. आकुंचित आमाशयात पोळी-उसळ लवकर भरते, परंतु चहात बुडविलेले बिस्किट, आइसक्रीम, शेव-फरसाण विरघळून सहज पुढे सरकते. म्हणून ‘मी तर चिमणीएवढे खाते’ हे रुग्णाचे म्हणणे खरे असूनही वजन वाढू शकते. हा दोष इच्छाशक्तीचा मानून रुग्णाला बोल लावल्यास तो पुन्हा आपल्याकडे येणार नाही.

४. आहारयोजना : मात्रा, काल व विधी

प्रथिने : दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. शाकाहारी रुग्णाचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. सकाळी ६० ग्रॅम पनीर (सुमारे ११ ग्रॅम प्रथिने), दुपारी वाटीभर मोड आलेल्या मुगाची उसळ (८) व १०० ग्रॅम दही (४), सायंकाळी ३० ग्रॅम फुटाणे (६), रात्री ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या मऊ शिजवून (१५), आणि अन्य वेळी २०० मिलिलिटर दूध (७). एवढे काळजीपूर्वक खाऊनही बेरीज ५१च होते. यावरून ‘वरण-भात पुरेसा आहे’ या समजुतीतील उणीव ध्यानात येईल. अंडी (प्रत्येकी सुमारे ६ ग्रॅम) वा मासे (१०० ग्रॅममध्ये सुमारे २०) चालत असतील तर हिशेब सुकर होतो. अन्यथा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिनचूर्ण घ्यावे लागते. पनीर गुरू व अभिष्यंदी असल्याचा आक्षेप योग्यच आहे. परंतु येथे मात्रा अल्प व धातुपोषणाची निकड मोठी आहे. अग्नी पाहून योजना करावी.

क्रम : ताटातील प्रथिनयुक्त पदार्थ आधी, भाजी नंतर, भात-पोळी शेवटी. जागा भरलीच तर शेवटचे राहावे, पहिले नव्हे.

विधी : अतिशीघ्र खाऊ नये व अन्नाकडे लक्ष ठेवून जेवावे, हा चरकोक्त आहारविधी या रुग्णात शब्दशः पाळावयाचा आहे. प्रत्येक घास नीट चावून, जेवणास २० ते ३० मिनिटे द्यावीत. जेवताना पाणी पिऊ नये व जेवणानंतर अर्धा तास थांबावे. इतर वेळी मात्र घोटघोट पाणी चालू ठेवावे.

काल : व्यग्र रुग्णाला घड्याळाचे बंधन पाळता येत नाही, ही वस्तुस्थिती मान्य करून योजना आखावी. ‘वेळेवर जेवा’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी दिवसाच्या ठरलेल्या घटनांशी आहार जोडावा : घर सोडण्यापूर्वी, कचेरीत पोहोचल्यावर, मधल्या सुट्टीत, परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी, घरी आल्यावर. यांतील परतीच्या वेळचा आहार सर्वांत महत्त्वाचा होय. फुटाण्यांची पुडी वा उकडलेले अंडे पर्समध्ये असेल तर ओट्यापाशी फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाही. अध्यशन टाळण्याचा हा व्यवहार्य मार्ग आहे. रात्रपाळीच्या रुग्णाने मुख्य आहार पाळीपूर्वी घ्यावा व मध्यरात्रीनंतर चहा-बिस्किटांची आवर्तने टाळावीत.

५. निद्रा व व्यायाम

अपुऱ्या झोपेने भूक वाढते व गोड-तळलेल्या पदार्थांची ओढ वाढते, हे आधुनिक संशोधनातही दिसून आले आहे. रात्रिजागरण रूक्ष म्हणून ते स्थूलास हितकर, असा अर्थ काढून या रुग्णाला जागरणाची मोकळीक देऊ नये. येथे धातू आधीच क्षीण आहेत. निदान सात तास झोप मिळावी म्हणून घरातील कामांची वाटणी व्हावी, हे वैद्याने कुटुंबियांना समक्ष सांगावे. अनेकदा हा एक संवाद चार औषधांहून अधिक काम करतो.

व्यायाम अर्धशक्तीने, हा वाग्भटोक्त नियम पाळावा. उतरलेले वजन टिकविण्यासाठी आठवड्याला २०० ते ३०० मिनिटे चालणे इष्ट मानतात. परंतु थकलेल्या रुग्णाला हा आकडा प्रथमच सांगू नये. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी, जेवणानंतर शतपावली, एक मजला जिन्याने. आठवड्यातून दोन दिवस मांसपेशींना बळ देणारे व्यायाम (खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला रेटून जोर काढणे) घरच्या घरी होऊ शकतात. पांडुता असल्यास तिची चिकित्सा आधी.

६. औषधयोजनेतील सावधानता

(१) वमन करू नये. विरेचन व तीव्र स्वेदनही टाळावे; या रुग्णांत जलक्षय लवकर होतो.

(२) आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश व गुळाचे प्रमाण असते. शस्त्रकर्मानंतर मद्य वेगाने शोषले जाते, आणि गूळ-साखर त्रासदायक ठरू शकते. हीच गोष्ट अवलेहांची. शक्यतो वटी, चूर्ण वा अल्प मात्रेतील क्वाथ योजावा.

(३) गुग्गुळ कल्प देताना अवटु ग्रंथीची व हृद्रोगाची चालू औषधे विचारून घ्यावीत. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असे आढळले आहे.

(४) लोहकल्प द्यावयाचे असल्यास फेरिटिन तपासून परिणामाची खात्री करावी. शंख-प्रवाळादी कल्पांतील चुना आमाशयातील अम्लावर अवलंबून असतो. म्हणून शस्त्रकर्मोत्तर रुग्णात सायट्रेट स्वरूपातील कॅल्शियम पसंत करतात. ते बंद करून त्याजागी भस्म देऊ नये. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर असावे.

(५) शल्यचिकित्सकाने दिलेली जीवनसत्त्वे आजन्म घ्यावयाची असतात. ‘गोळ्या उष्ण पडतात’ म्हणून रुग्णाने सोडल्या असतील तर त्या पुन्हा सुरू करविणे हे आपले कर्तव्य आहे.

(६) वजन उतरविणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात विकली जात आहेत व शस्त्रकर्मानंतर वजन वाढलेल्या काही रुग्णांना ती दिली जातात. त्यांनी क्षुधा मंद होते व आमाशयातील अन्न सावकाश पुढे जाते. रुग्ण ती घेत आहे का, हे विचारल्यावाचून दीपन-पाचन वा लेखन योजना करू नये.

७. औषधालयचालकांसाठी

वजनासाठी चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास ‘पोटाचे शस्त्रकर्म झाले आहे काय?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. सोनामुखीयुक्त रेचक चूर्णांनी वजन उतरल्याचा भास होतो. प्रत्यक्षात जल व क्षार जातात. इसबगोल अल्प पाण्यासह घेतल्यास अडकण्याचा धोका आहे. वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक, बायपासच्या रुग्णात जोडाच्या ठिकाणी व्रण करू शकतात. तसेच, १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. ‘हमखास वजन घटवा’ असा फलक लावण्यापूर्वी याचे स्मरण असावे.

८. त्वरित शल्यचिकित्सकाकडे केव्हा पाठवावे?

वारंवार उलट्या, तीव्र उदरशूल, काळा मल, गिळताना अडणे, अल्पावधीत झपाट्याने वाढलेले वजन. उलट्यांबरोबर तोल जाणे, दुहेरी दिसणे किंवा भ्रम ही लक्षणे असतील तर जीवनसत्त्व ब-१च्या तीव्र उणिवेची शंका घ्यावी. ही आत्ययिक अवस्था असून येथे एक दिवसाचाही विलंब कायमची हानी करू शकतो.

सारांश

शस्त्रकर्माने आमाशय लहान होते. रुग्णाचा दिवस मात्र पूर्वीइतकाच लांब व कष्टाचा राहतो. म्हणून अशा रुग्णात प्रथम रक्ताची तपासणी, मग प्रथिनांचा हिशेब, मग निद्रा, मग व्यायाम, आणि सर्वांत शेवटी व विचारपूर्वक लेखन चिकित्सा, असा क्रम ठेवावा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी वजन करून ते वहीत टिपावयास सांगावे व ती वही दर महिन्यास आपण स्वतः पाहावी. शल्यचिकित्सकाकडे रुग्ण वर्षातून एकदा जातो. आपल्याकडे तो सर्दी-पडशासाठीही येतो. हे सान्निध्य वैद्यबंधु-भगिनींनी रुग्णहितासाठी कामी आणावे.