भंडाऱ्याची दोन मते

नुसत्या ‘भंडारा’ नावाचा लोकसभा मतदारसंघ आता नाही. 2008 च्या पुनर्रचनेत तो गेला आणि 2009 पासून भंडारा-गोंदिया या नावाने निवडणूक होऊ लागली. पण 1954 ची तिथली पोटनिवडणूक आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते. बाबासाहेबांनी लढवलेली ती शेवटची लोकसभा निवडणूक.

वैनगंगेकाठचा, धानशेतीचा, तलावांचा आणि विडी वळणाऱ्या हातांचा हा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेलाही सर्व जातींचे लोक मत देत. 1932 च्या पुणे करारातून आलेल्या संयुक्त मतदारसंघाचीच ही रीत.

मोजणीची एक खुबी लक्षात घ्या. आधी राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला मिळे. मग उरलेल्या सर्वांत ज्याची मते जास्त, तो सर्वसाधारण जागेवर निवडून येई, मग तो कोणत्याही जातीचा असो.

1952 मध्ये मुंबईत हार झाल्यावर बाबासाहेब राज्यसभेत गेले होते. भंडाऱ्यात ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे उभे राहिले. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता, असे जुने लोक सांगतात. मी बँकेत हिशेब करणारा माणूस. वर सांगितलेल्या मोजणीने पाहिले तर हा सल्ला वेडगळ नव्हता. मेहतांची मते घटली असती, तर राखीव जागा हुकूनही बाबासाहेबांना दुसरी जागा मिळण्याची शक्यता वाढली असती. बाबासाहेबांनी तो सल्ला मानला नाही. ज्याने घटना लिहिली, त्यानेच मत वाया घालवा म्हणून सांगायचे, हे त्यांना पटणारे नव्हते.

निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी सुमारे आठ हजार मतांच्या फरकाने जिंकली. आपली दुसरी मते मेहतांच्या पेटीत गेली, पण तिकडची दुसरी मते तितक्याच प्रमाणात इकडे आली नाहीत, असे मला वाटते.

पुढे 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले. 1962 मध्ये लोकसभेसाठी भंडाऱ्याच्या मतदाराच्या हाती एकच मत आले.