मेटल डिटेक्टर : आधी माती ऐका, मग धातू

मेटल डिटेक्टर म्हटले की डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एक म्हणजे मॉलच्या दारातली चौकट. तिच्यातून जाताना प्रत्येकाचा 'पीं' आवाज होतो आणि तरी कोणी कोणाला थांबवत नाही. दुसरे म्हणजे गुप्तधन! त्यातून आमची चाचणीची जागा बदलापूरजवळची सोनिवली. गावाच्या नावातच 'सोने' दिसते, त्यामुळे पिशवीतून कॉइल बाहेर काढली की "काय, सापडलं का?" हा प्रश्न ठरलेलाच. म्हणून मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. हे यंत्र सोने ओळखत नाही. खरे तर ते धातूही थेट ओळखत नाही. आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळे काहीतरी इथे आहे, एवढेच ते सांगते. हा फरक ज्याला कळला त्याला यंत्र लावता आले असे समजा.

यंत्र नेमके करते काय?

छंद म्हणून मिळणारे बहुतेक डिटेक्टर व्हीएलएफ प्रकारचे, म्हणजे साधारण 3 ते 20 किलोहर्ट्झवर चालणारे असतात. खालच्या ताटलीत दोन कॉइल असतात. पहिली प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्र सोडते. जवळ धातू असेल तर त्यात भोवरी प्रवाह (एडी करंट) निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे छोटेसे क्षेत्र तयार होते. दुसरी कॉइल हे परतलेले क्षेत्र पकडते. दोन्ही कॉइल अशा बसवलेल्या असतात की धातू नसताना दुसरीत जवळजवळ काहीच उमटत नाही. पहिल्या वर्षाला घोकलेले सूत्र इथे कामाला येते. 2.5 मिलीहेन्रीची कॉइल आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की अनुनाद वारंवारता बरोबर 10 किलोहर्ट्झच्या आसपास येते. करून बघा.

परतलेल्या सिग्नलची नुसती ताकद पाहून भागत नाही, त्याची फेजही पाहावी लागते. तांबे, चांदी यांसारख्या चांगल्या वाहकांची फेज एकीकडे, लोखंडाची दुसरीकडे. पडद्यावर जो आकडा दिसतो तो याच फेजचा असतो.

आता खोलीबद्दल. कॉइलपासून दूर गेल्यावर तिचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. म्हणजे सिग्नल अंतराच्या सहाव्या घातांकाने घटतो. खोली दुप्पट झाली की सिग्नल 64 पट कमी! नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंतच सापडते, त्याचे कारण हेच. 'वीस फुटांवरचे सोने दाखवतो' म्हणून कोणी यंत्र विकायला आले तर त्याला हा सहावा घातांक विचारावा.

आपली माती गप्प बसत नाही

सोनिवली काय, अंबरनाथ काय, सगळा भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात आणि खडक झिजून झालेल्या मातीतही ते उतरतात. विश्वास बसत नसेल तर जुन्या स्पीकरचे चुंबक कागदात गुंडाळून नदीकाठच्या कोरड्या वाळूत फिरवा. कागदाला काळी दाढी येते.

म्हणजे कॉइल जमिनीजवळ नेली की धातू नसतानाही सिग्नल मिळतो, आणि तो नाण्याच्या सिग्नलपेक्षा मोठा असू शकतो. भाजलेली वीटही असाच चकवा देते, कारण भट्टीत मातीतल्या लोहाचे रूप बदलून ती जास्त चुंबकीय होते. आपल्याकडे वीटभट्ट्यांचे तुकडे शेतात सगळीकडे पडलेले असतात, हे लक्षात ठेवा.

प्रोजेक्टसाठी बहुतेक जण बीएफओ सर्किट निवडतात. दोन ऑसिलेटर आणि त्यांच्या वारंवारतेतला फरक कानाला ऐकू येतो, बस्स. 100 किलोहर्ट्झवर एक दशांश टक्का बदल झाला तरी 100 हर्ट्झचा फरक पडतो. लॅबच्या टेबलावर ते छान चालते. बेसाल्टच्या मातीवर मात कॉइल जरा वरखाली झाली की तेवढाच सूर बदलतो. पल्स इंडक्शन प्रकार अशा मातीत जास्त टिकतो, पण लोखंड आणि इतर धातू यांतला फरक तो नीट सांगत नाही. म्हणून शिकायला ग्राउंड बॅलन्स असलेला व्हीएलएफ बरा.

जुळणी : घाई करू नका

1. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळा. लोंबकळणारी वायर हलली की खोटे सिग्नल येतात. मोबाइल, किल्ल्या, कडे, लोखंडी टोकाचे बूट दूर ठेवा.

2. यंत्र सुरू करून कॉइल हवेत धरा आणि एक नाणे तिच्यासमोरून फिरवा. कोणत्या अंतरापर्यंत आवाज येतो ते वहीत लिहा. ही झाली हवेतली चाचणी. जमिनीत याहून कमीच मिळेल.

3. विजेच्या तारांपासून लांब जा. कल्याण–कर्जत लोहमार्गावरच्या तारेत 25 हजार व्होल्टचा एसी आहे. तिच्या आसपास यंत्र उगाच बडबडते. शिवाय रेल्वेच्या हद्दीत फिरायचे आपल्याला कामही नाही.

4. डिस्क्रिमिनेशन शून्यावर ठेवून धातू नसलेली जागा शोधा. आता ग्राउंड बॅलन्स : कॉइल जमिनीपासून 5 ते 20 सेंटीमीटर अशी सावकाश वरखाली करा. खाली नेताना आवाज वाढला किंवा बुडाला तर बॅलन्स थोडा थोडा बदलत जा. वर आणि खाली सूर सारखाच राहिला की माती 'गप्प' झाली. घरी बनवलेल्या यंत्राची प्राथमिक जुळणी जुन्या रेडिओतल्या फेराइटच्या कांडीवर करता येते.

5. सेन्सिटिव्हिटी शेवटी. बडबड सुरू होईपर्यंत वाढवा आणि मग एक-दोन घर मागे या. खनिजयुक्त मातीत पूर्ण वाढवली की मातीचाच आवाज वाढतो, खोली वाढत नाही.

पहिल्या पावसानंतर, नांगरटीनंतर किंवा नुसते शेजारच्या शेतात गेलात तरी चौथी पायरी पुन्हा करायची. कंटाळा आला तरी!

जुळणीला एवढे महत्त्व का? 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. शरीरात अडकलेली ती गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतःचे यंत्र घेऊन आले. यंत्र चालू होते, पण पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी सिग्नल बिघडवला. त्यात डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूपुरताच ठेवला होता, आणि गोळी होती डावीकडे. अध्यक्ष वाचले नाहीत. आजूबाजूला काय आहे हे न पाहता वापरलेले चांगले यंत्रही आंधळेच.

रुपया कुठे गेला?

सराव करायला मी मालकाच्या परवानगीने एका पडीक तुकड्यावर 'चाचणी बाग' केली. 5, 10 आणि 15 सेंटीमीटरवर खिळा, नाणी, तांब्याची तार, बाटलीचे बूच पुरायचे आणि नकाशा वहीत ठेवायचा. इथे एक गंमत कळते. बाहेरची पुस्तके सांगतात, 'लोखंड गाळा, नाणी राहतील.' आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत. त्यांना चुंबक चिकटते. लोखंड गाळले की तीही गायब होऊ शकतात, नाहीतर आकडा जागेवर राहत नाही. निकेल-ब्रासचे पाच रुपयांचे नाणे आणि जुने ॲल्युमिनियमचे दहा-वीस पैसे मात्र स्वच्छ बोलतात. उलट सोन्याची बारीक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियमचा कागद जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. कोणाची अंगठी हरवली म्हणून शोधत असाल तर कचरा गाळू नका. सगळे खणा.

कॉइल जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटरवर, समांतर आणि सावकाश फिरवा. झाडू मारताना टोके वर जातात तशी जाऊ देऊ नका. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. आवाज आला की 90 अंशांत वळून पुन्हा फिरवा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. दोन्हीकडून सारखा आवाज आला तरच खुरपे काढा. हातमोजे हवेतच, आणि खड्डा परत बुजवायचा. त्यात बैलाचा पाय अडकता कामा नये.

खुरपे कुठे थांबवायचे

आता खरा मुद्दा. जुने काही लागले तर?

1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी 13 हजारांहून अधिक होती, आणि त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला याचा हा ठळक पुरावा. तीच नाणी दहा-दहा करून सराफाकडे गेली असती तर? चांदी वितळली असती आणि इतिहासातले एक पान कायमचे गेले असते. एका नाण्याने हे सिद्ध झाले नसते. एका जागी, एकत्र सापडलेल्या साठ्याने झाले. वस्तूची किंमत तिच्या जागेत असते.

कायदाही तेच सांगतो. 1878 च्या इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्टप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास तुरुंगवास होऊ शकतो. अंबरनाथचे शिवमंदिर शके 982 चे, म्हणजे इ. स. 1060 चे, आणि संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांच्या आवारात आणि आसपास डिटेक्टर न्यायचाच नाही. 2010 च्या दुरुस्तीपासून भोवतालच्या 100 मीटरमध्ये बांधकामासही मनाई आहे, मग खणण्याची गोष्टच सोडा. तीच गोष्ट अंबरनाथच्या आयुध कारखान्याच्या परिसराची.

म्हणून नियम साधा आहे. जुने नाणे, मूर्ती, भांडे दिसले की हात थांबवा. वस्तू घासू नका, उचलू नका. जागेवरच फोटो घ्या, खोली मोजा, शेतमालकाला सांगा आणि तहसील कचेरी गाठा. आणि कोणी पूजा-बळी सांगून गुप्तधन काढून देतो म्हणाला, तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा ठरतो हेही त्याला ऐकवा.

हॉस्टेलवर कोणाला सर्किट करायचे असेल तर कॉइलपासून सुरुवात करा, आणि सोबत एक वही घ्या. तारीख, शेत, मातीचा ओलावा, बॅलन्सचा आकडा, काय निघाले. सोनिवलीच्या शेतातून आमच्या वहीत आजवर बहुतेक खिळे, बुचे आणि नांगराचे नटबोल्टच आले आहेत. पण दुसऱ्यांदा त्याच शेतात गेलो तेव्हा बॅलन्स दोन मिनिटांत लागला, तो त्या वहीमुळेच.